पोलादाची सोंगं

नायजर नदी समुद्राजवळ येते तेव्हा तिला असंख्य फाटे फुटतात. खारफुटीची रानं, भरती-ओहोटीनं वर-खाली होणारं मचूळ पाणी आणि त्यातून वाट काढणाऱ्या होड्या असा हा मुलूख. या खाड्यांत राहणाऱ्या कलबारी लोकांमध्ये एकिनेबा नावाच्या बाईची कथा सांगतात. पाण्यातल्या देवतांनी तिला पळवून नेलं. त्या देवतांच्या आईला हे रुचलं नाही. तिनं एकिनेबाला परत पाठवायला लावलं, पण त्याआधी प्रत्येक देवतेनं आपापला नाच तिला दाखवला. गावी परतल्यावर एकिनेबानं ते सगळे नाच लोकांना शिकवले. देवतांची अट एकच होती: खेळ कुठलाही असो, ढोलावर पहिली थाप तिची पडायला हवी. गावातल्या तरण्या पोरांनी ती अट मोडली आणि देवता तिला कायमच्या घेऊन गेल्या. मग पुरुषांनी तिला आपल्या मंडळाची अधिष्ठात्री ठरवलं. मंडळाचं नावही तिच्यावरूनच पडलं, एकिने. या मंडळात बायकांना प्रवेश नाही. मुखवटा कोरतो पुरुष, चढवतो पुरुष आणि नाचतोही पुरुषच. बायकांनी बघायचं.

शिल्पकार सोकारी डग्लस कॅम्प या बघणाऱ्यांमध्ये जन्मल्या, 1958 साली, बुगुमा या गावात. आजच्या नायजेरियाच्या रिव्हर्स राज्यातलं हे कलबारींचं प्रमुख गाव. एलेम कलबारी ही जुनी राजधानी सोडून लोक 1884 साली इथं येऊन वसले. त्याआधी काही शतकं हे लोक युरोपीय जहाजांशी व्यापार करत होते. आधी गुलामांचा, आणि तो बंद झाल्यावर पामतेलाचा. त्या व्यापारातून मोठमोठी घराणी उभी राहिली. घराण्याची पत त्याच्या लढाऊ होडीवरून आणि त्यानं गावासाठी घातलेल्या खेळांवरून ठरायची. सोकारींचं जन्मसाल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं लागतं. याच त्रिभुज प्रदेशात, ओलोइबिरी इथं, 1956 साली खनिज तेल सापडलं आणि नायजेरियातून तेलाची निर्यात सुरू झाली ती 1958 साली. या बाईंच्या कामात पुढे ते तेल येणार आहे.

पण आधी ही सोंगं नीट समजून घ्यायला हवीत, कारण त्यांच्या कलेचं मूळ तिथं आहे. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवांचे मुखवटे चढवून सोंगं निघतात, त्याच जातीचा हा सोहळा. प्रत्येक जलदेवतेचा मुखवटा वेगळा, ढोलाचे बोल वेगळे, चाल वेगळी. नाचणाऱ्यानं ढोलाचं ऐकून पावलं टाकायची. चुकला तर गावासमोर नाचक्की. सगळ्या देवतांच्या खेळांचं एक आवर्तन पुरं व्हायला अनेक वर्षं लागतात आणि शेवटी सगळी सोंगं एकत्र निघतात. मुखवट्याची गंमत अशी, की तो चेहऱ्यावर बसत नाही. तो डोक्यावर आडवा ठेवतात, तोंड आकाशाकडे. पाणघोडा पाण्यात असला की त्याच्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसतो, तसा. त्याच्याभोवती पिसं, झावळ्या आणि कापड यांचा एवढा पसारा असतो, की खाली उभ्या असलेल्या माणसाला मुळात कोरीवकाम फारसं दिसतच नाही. लाकडाचा तो तुकडा देवतेनं येऊन बसावं म्हणून असतो. तो देखणा आहे की ओबडधोबड, याची चर्चा गावात होत नाही.

ही माहिती जगापुढे आणली रॉबिन होर्टन या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानं. 1950च्या दशकात ते कलबारींमध्ये आले, तिथली भाषा शिकले, एकिने मंडळावर आणि कलबारी शिल्पावर त्यांनी लिहिलं. त्यांचं 'कलबारी स्कल्प्चर' हे पुस्तक 1965 सालचं. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी नायजेरियातच काढला आणि तिथल्या विद्यापीठांत शिकवलं. 2019 साली ते वारले. हेच होर्टन सोकारींच्या बहिणीचे यजमान, आणि सोकारी वाढल्या त्या त्यांच्याच छायेत. घरात एकीकडे बुगुमाचं जगणं आणि दुसरीकडे त्या जगण्याची टिपणं काढणारा भावोजी. ज्या सोंगांना पोरींनी हात लावायचा नाही, त्यांच्याविषयी या पोरीच्या कानावर घरात सतत काही ना काही पडत असणार. आफ्रिकेतल्या त्या पिढीच्या किती मुलींना असं घर मिळालं असेल?

सोकारींचं शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. त्यानंतर कलेचं शिक्षण, 1979-80 मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या कॉलेज ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये, मग लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये, आणि 1983 ते 86 रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये. लंडन हेच मग राहण्याचं आणि कामाचं ठिकाण झालं. बुगुमाला येणं-जाणं मात्र सुटलं नाही.

लाकूड कोरण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नव्हताच, असं नाही. लंडनमध्ये त्यांना कोण अडवणार होतं? पण लाकडावर घराण्यांचा, मंडळाचा, पूर्वजांचा हक्क होता. कुठल्या देवतेसाठी काय कोरायचं, कोणी कोरायचं, कुठला नैवेद्य दाखवायचा, हे सगळं ठरलेलं. पोलादाला असे कुठलेच विधी नव्हते. वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवून, पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन माणूस उभा करण्यात कलबारींचा कुठलाही नियम मोडत नव्हता, कारण तसा नियम कोणी केलेलाच नव्हता. मला सोकारींच्या कारकिर्दीतला सगळ्यात धोरणी निर्णय हा वाटतो. गावाशी भांडण न करता त्यांनी गावाची सगळी सोंगं स्वतःच्या हातानं उभी केली.

आणि हे पोलाद दिसायला कसं? आपण पोलादाचं शिल्प म्हटलं, की चौकातला एखादा भरीव, जड, चकचकीत आकार डोळ्यांपुढे येतो. सोकारींची माणसं पोकळ असतात. सळया, पट्ट्या आणि पातळ पत्रा यांतून ती रचलेली असतात आणि त्यांच्यातून आरपार दिसतं. पत्र्याला भोकं पाडलेली, जाळी कापलेली. सांधे घासून गुळगुळीत केलेले नसतात. कुठे काय जोडलंय ते उघड दिसतं. बाईच्या लुगड्याची चूण पोलादात, डोक्याच्या फडक्याची गाठ पोलादात, पुरुषाच्या लांब अंगरख्याचा घोळही पोलादात. जवळ गेलं की ते लोखंड असतं आणि दहा पावलं मागे आलं की वाऱ्यावर फडफडणारं कापड. धातूला कापडासारखं वागवणं ही त्यांच्या हाताची खूण.

कापडाची ही ओढ बुगुमाच्या बायकांकडून आलेली आहे आणि तिचा धागा थेट आपल्या देशाशी जुळतो. कलबारी लोक स्वतः फारसं विणत नाहीत. त्यांचं सगळ्यात मानाचं कापड म्हणजे मद्रास चौकडी, ज्याला ते इंजिरी म्हणतात. आंध्रातल्या चिरालाच्या आणि तामिळनाडूच्या मागांवर विणलेलं हे सुती कापड काही शतकं जहाजानं पश्चिम आफ्रिकेला जात आलं आहे. कलबारी घरात मूल जन्मलं की इंजिरी लागते, मुलगी वयात आली की लागते, माणूस गेला की त्याच्या अंत्यविधीला लागते. घराण्यांच्या पेट्यांत ही वस्त्रं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली असतात.

पण मद्रासहून आलेलं कापड जसंच्या तसं अंगावर घेणं कलबारी बायकांना पुरेसं वाटलं नाही. त्यांनी त्यावर स्वतःची एक कारागिरी काढली, तिला पेलेते बिटे म्हणतात. चौकडीच्या कापडातला ठरावीक रंगाचा दोरा सुईनं उचलायचा, पात्यानं कापायचा आणि ओढून काढायचा. असे शेकडो दोरे निघाले, की उरलेल्या कापडात नवीनच नक्षी उमटते आणि कापड जाळीसारखं विरळ, मऊ होतं. भरतकामात दोरा घालून नक्षी होते, इथं दोरा काढून होते. सोकारींचा कापलेला पत्रा बघताना मला दर वेळी हे कापड आठवतं. पोलादाच्या अंगरख्यातून त्या पत्रा काढून टाकतात आणि उरलेल्या भागातून वस्त्र तयार होतं. मुखवटे कोरणाऱ्या पुरुषांच्या परंपरेशी त्यांचं नातं लोक लगेच जोडतात. मला वाटतं, त्यांचा हात खरा तयार झाला तो दोरे उपसणाऱ्या या बायकांच्या शेजारी. समीक्षकांनी या बाजूकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं.

पुरुषांच्या परंपरेतली एक गोष्ट मात्र त्यांच्या कामाच्या अगदी जवळची आहे. पश्चिम आफ्रिकेतलं बहुतेक जुनं लाकडी शिल्प एकाच ओंडक्यातून कोरलेलं असतं. कलबारींनी मात्र लाकडाचे सुटे तुकडे एकमेकांना जोडून शिल्पं रचली. घराण्याचा कर्ता पुरुष गेला, की त्याच्या स्मरणार्थ बैठकीच्या दालनात एक चौकटीचा पडदा उभा करत. मध्ये तो पुरुष बसलेला, त्यानं ज्या सोंगात नाव कमावलं त्याचा मुखवटा त्याच्या डोक्यावर, बाजूला त्याचे साथीदार लहान आकारात. हात, पाय, डोकं, मुखवटा, चौकट असं सगळं वेगवेगळं करून जोडलेलं. घराण्याचा पुढचा प्रमुख या पडद्यासमोर पूर्वजाला नैवेद्य दाखवायचा. 1915-16 च्या सुमाराला गॅरिक ब्रेड नावाच्या एका ख्रिस्ती धर्मप्रचारकाची मोठी लाट या भागात आली. लोकांनी आपल्याच देवतांच्या मूर्ती जाळायला, पाण्यात टाकायला सुरुवात केली. पी. अमॉरी टॅल्बट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्या वेळी काही पडदे गोळा करून 1916 साली इंग्लंडला पाठवले. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. आगीतून वाचले हे खरं. ज्या दालनांसाठी ते घडवले होते तिथून कायमचे गेले, हेही तेवढंच खरं. पुढे लंडनमध्ये बसून बुगुमाची एक मुलगी सुटे तुकडे जोडून माणसं उभी करू लागली, तेव्हा तिच्या पूर्वजांची जोडकामाची पद्धत काही मैलांवर काचेच्या कपाटात होती.

काचेचं कपाट हाच त्यांच्या पहिल्या मोठ्या कामांचा विषय म्हणावा लागेल. युरोपातल्या संग्रहालयांनी आफ्रिकेतून मुखवटे आणले तेव्हा डोकं आणलं आणि बाकीचं सोडलं. अंगावरचं कापड, झावळ्या, पायातली घुंगरं, ढोल, घामेजलेला माणूस, ओरडणारी पोरं, टाळ्या वाजवणाऱ्या बायका यातलं काहीच नाही. पांढऱ्या भिंतीवर एकटा लाकडी मुखवटा, वर छान उजेड. हा मुखवटा पाहून पिकासोच्या पिढीतल्या कलावंतांनी आधुनिक कलेची दिशा बदलली, याचं कौतुक आपणही कॉलेजात वाचलेलं असतं. पण मूळ सोंग त्यातून नाहीसं झालं होतं. सोकारींनी पोलादात ते पायापासून डोक्यापर्यंत पुरं उभं केलं. 1995 साली लंडनच्या म्युझियम ऑफ मॅनकाइंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश म्युझियमच्याच मानववंशशास्त्र विभागात, त्यांचं 'प्ले अँड डिस्प्ले' हे प्रदर्शन झालं, ते या नखशिखांत सोंगांचंच. त्याच वर्षीचं त्यांचं 'ओटोबो', म्हणजे पाणघोड्याचं सोंग, आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. डोक्यावरचा आडवा मुखवटा आहेच. पण तो पेलणारं अंग आहे, त्यावरचा पोशाख आहे, पाय नाचण्याच्या पवित्र्यात आहेत.

या कामात मुखवट्याइतकाच मान त्यांनी बघणाऱ्यांना दिला. आठवणीतून उतरलेलं सोंग म्हणजे गर्दीतून दिसलेलं सोंग, म्हणून त्यांच्या शिल्पांत प्रेक्षक बायका येतात, पोरी येतात. मुलगी वयात येते तेव्हाचे, बाई बाळंतपणातून उठते तेव्हाचे कलबारी सोहळे असतात. तिला भारी कापडं आणि पोवळ्याच्या माळा घालून सजवतात, तिला इरियाबो म्हणतात. 1987 साली सोकारींनी एक लहान इरियाबो केली. ती टाळ्या वाजवते, खरोखरच, आत मोटर बसवलेली आहे. त्यांच्या सुरुवातीच्या बऱ्याच शिल्पांना अशी हालचाल होती. त्याआधी, 1984 साली, त्यांनी 'चर्च एडे' केलं. कलबारी घरात माणूस गेला, की त्याचा पलंग मौल्यवान कापडांनी सजवतात. त्या सजवलेल्या पलंगाचं हे शिल्प. अंत्यविधीतला हा पसारा बायकांच्या ताब्यातला असतो. कुठलं कापड कुठे, कुठल्या घडीनं लावायचं, हे त्यांनाच ठाऊक. सोंगांच्या रंगतदार जगापेक्षा मला हा पलंग जास्त ओढून घेतो. कारण इथं त्या बघणाऱ्या राहत नाहीत; जे काम बुगुमात बायकाच करतात तेच काम त्या पोलादात करतात.

अमेरिकेनं त्यांना लवकर ओळखलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकी कला संग्रहालयात 1988 साली 'इकोज ऑफ द कलबारी' हे एकल प्रदर्शन भरलं, तेव्हा त्या तिशीतल्या होत्या. दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये 'स्पिरिट्स इन स्टील'. 2005 साली ब्रिटिश सरकारनं सीबीई हा किताब दिला. त्याच वर्षी आफ्रिकी कलेचा मोठा महोत्सव ब्रिटनभर झाला, त्यात ब्रिटिश म्युझियमच्या आवारात त्यांच्या उत्सवी पोशाखातल्या पोलादी बायका उभ्या राहिल्या. नायजेरियात लग्नाकार्यात नात्यातल्या सगळ्या बायका एकाच कापडाचे कपडे शिवतात, त्याला असोएबी म्हणतात. शिल्पाचं नावही तेच होतं.

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात एक चौथरा दीड शतकाहून अधिक काळ रिकामा होता. त्यावर कुणाचं शिल्प बसवायचं यासाठी 2003 साली निवडक कलावंतांचे नमुने मागवले, त्यात सोकारींचा एक होता: युद्धाविरुद्ध घोषणा देणारी माणसं. ते साल इराक युद्धाचं, आणि याच शहरात काही लाख लोक त्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. नेल्सनच्या खांबाखाली, सेनापतींच्या पुतळ्यांच्या रांगेत साधी निदर्शक माणसं उभी राहिली असती. तो नमुना निवडला गेला नाही. लंडननं एक चांगली संधी घालवली, असं माझं मत आहे.

या सुमारापासून त्यांची शिल्पं गावच्या आठवणीतून बाहेर येऊन मोठ्या इतिहासाशी बोलू लागली. 'ऑल द वर्ल्ड इज नाऊ रिचर' हे 2012 सालचं काम गुलामगिरीच्या निर्मूलनाचं स्मारक आहे. माणसाच्या उंचीच्या सहा पोलादी आकृती, पूर्वजांच्या पारंपरिक वेशातल्या माणसापासून आजच्या कपड्यातल्या माणसापर्यंत. साखळदंड, चाबूक, वाकलेली पाठ यांतलं इथं काही नाही; सगळे ताठ उभे आहेत. जो समाज स्वतः गुलामांच्या व्यापारातला दलाल होता त्या समाजातली ही कलावंत आहे, हे विसरून हे काम बघता येत नाही. लंडनच्या संसदभवनात ते मांडलं गेलं, गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या ब्रिस्टल शहराच्या कॅथीड्रलमध्ये मांडलं गेलं, आणि 2014 साली सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्येही.

विल्यम ब्लेकनं 1796 सालच्या एका पुस्तकासाठी एक चित्र कोरलं होतं: युरोप, आफ्रिका आणि अमेरिका या तीन तरुणी एकमेकींना धरून उभ्या आहेत. मधली युरोप, तिच्या गळ्यात मोती. बाजूच्या दोघींच्या दंडात गुलामांची कडी. सोकारींनी 2015 साली या तिघींना पोलादात आणलं आणि त्यांच्या हातातल्या वेलीच्या जागी पेट्रोलपंपाची नळी दिली. सव्वादोनशे वर्षांत कोण कुणाच्या आधारानं उभं आहे ते फारसं बदललं नाही, आधाराचा माल तेवढा बदलला. याच काळात त्या तेलाची जुनी पिंपं कापून, चपटी करून त्यांच्यातून फुलं, पानं, माणसं करू लागल्या. इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या 'प्रिमावेरा'तली वसंतातली माणसं त्यांनी या पिंपांच्या पत्र्यातून पुन्हा उभी केली. तेलाच्या पिंपात वसंत ऋतू हे ऐकायला गोड वाटतं. नायजरच्या त्रिभुज प्रदेशात तेल सापडल्यापासून काय झालं ते माहीत असेल तर ते गोड राहत नाही.

तिथं झालं ते असं. तेलविहिरी वाढल्या, नळ गावांतून आणि शेतांतून गेले, ते फुटत राहिले. विहिरींतून निघणारा वायू रात्रंदिवस जाळला जात राहिला. खाड्यांवर तेलाचा तवंग आला, खारफुटी वाळली, मासे गेले. पोर्ट हारकोर्ट शहराच्या एका अंगाला कलबारी, दुसऱ्या अंगाला ओगोनी. ओगोनींची संख्या थोडी, पण तेल त्यांच्या जमिनीत भरपूर. केन सारो-वीवा हे त्यांच्यातले लेखक. कादंबऱ्या, नाटकं आणि नायजेरियाभर गाजलेली दूरदर्शन मालिका त्यांच्या नावावर होती. 1990 साली ओगोनींनी आपल्या हक्कांचा जाहीरनामा काढला, संघटना उभी केली आणि 4 जानेवारी 1993 रोजी लाखोंच्या संख्येनं लोक शांतपणे रस्त्यावर आले. त्याच वर्षी शेल कंपनीनं ओगोनी भागातलं उत्पादन थांबवलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात चार ओगोनी पुढाऱ्यांचा जमावानं खून केला. सारो-वीवा तिथं नव्हते. तरी लष्करी राजवटीनं त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना धरलं, खास न्यायाधिकरणापुढे उभं केलं, ज्याच्या निकालावर अपिलाची सोय नव्हती. 10 नोव्हेंबर 1995 रोजी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात सारो-वीवा धरून नऊ जणांना फाशी दिलं. राष्ट्रकुल देशांची परिषद त्या वेळी ऑकलंडमध्ये चालू होती. राष्ट्रकुलानं नायजेरियाचं सदस्यत्व निलंबित केलं.

दहा वर्षांनी लंडनच्या प्लॅटफॉर्म या संस्थेनं सारो-वीवांच्या स्मारकासाठी कलावंतांकडून कल्पना मागवल्या. निवड झाली सोकारींची. त्यांनी चौथरा मागितला नाही. त्यांनी एक बस केली. नायजेरियाच्या रस्त्यांवर धावतात तशी, खऱ्या मापाची, सगळी पोलादाची, टपावर तेलाची पिंपं रचलेली. तिच्यावर फाशी गेलेल्यांची नावं आहेत, आणि बसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत सारो-वीवांचं वाक्य कापलेलं आहे, ज्यात त्यांनी तेल कंपन्यांवर ओगोनींच्या वंशसंहाराचा आरोप केला आहे. 2006 साली ही 'बॅटल बस' लंडनमध्ये 'गार्डियन' वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर पहिल्यांदा उभी राहिली आणि मग ब्रिटनमध्ये गावोगाव फिरली. हलणारी, टाळ्या वाजवणारी शिल्पं करणाऱ्या बाईंना एका जागी खिळलेलं स्मारक सुचलं नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. माझ्या मते त्यांचं हे सर्वोत्तम काम. यात देवता नाही, पोशाख नाही, उत्सव नाही. एक वाहन आहे, आणि ते ज्यांच्यासाठी आहे ती माणसं त्यात नाहीत.

2009 साली शेलनं सारो-वीवांच्या मुलानं आणि इतर नातेवाइकांनी अमेरिकेत लावलेल्या खटल्यात 1 कोटी 55 लाख डॉलर देऊन तडजोड केली, दोष मान्य न करता. 2011 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ओगोनी भागाची पाहणी प्रसिद्ध केली. माती आणि पाणी शुद्ध व्हायला 25 ते 30 वर्षं लागतील आणि सुरुवातीलाच शंभर कोटी डॉलर लागतील, असं त्यात म्हटलं होतं.

2015 साली, फाशीला वीस वर्षं होत असताना, बस ओगोनी लोकांना भेट म्हणून जहाजानं नायजेरियाला पाठवली. लागोसच्या बंदरात कस्टम्सनं ती अडवली. शिल्पाचं राजकीय मोल, असं कारण पुढे आलं. त्याच वर्षी कस्टम्सच्या प्रमुखपदी हमीद अली यांची नेमणूक झाली होती. सारो-वीवांना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधिकरणाचे जे सदस्य होते त्यांत लष्करी अधिकारी म्हणून हेच हमीद अली होते. ज्यांनी माणसाला शिक्षा दिली, वीस वर्षांनी त्या माणसाचं स्मारक त्यांच्याच खात्याच्या ताब्यात आलं. विसाव्या स्मृतिदिनाला बस ओगोनीत पोचली नाही. त्यानंतर तिच्या सुटकेसाठी तिथल्या आणि ब्रिटनमधल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, मोर्चे काढले. पोलादाच्या पोकळ सांगाड्याला सरकार एवढं भितं, यावरून शिल्पकाराचं काम किती नेमकं झालं आहे ते कळतं. पण हे समाधान सोकारींना पुरणारं नाही, आणि ओगोनींना तर नाहीच.

12 जून 2025 रोजी, नायजेरियाच्या लोकशाही दिनी, अध्यक्ष बोला टिनुबू यांनी त्या नऊ जणांना मरणोत्तर माफी आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केले. माफी गुन्हेगाराला मिळते. ओगोनींची आणि मानवी हक्क संघटनांची मागणी वेगळी आहे: हे नऊ जण निर्दोष होते असं सरकारनं म्हणावं आणि 1995 चा निकाल रद्द व्हावा. राष्ट्रीय सन्मान द्यायला निघालेल्या सरकारनं एवढं तर करावंच, आणि त्याच नऊ जणांसाठी केलेली सोकारी डग्लस कॅम्प यांची बस ओगोनींच्या गावात, ज्या रस्त्यांवर ती धावायला हवी होती तिथं, सन्मानानं नेऊन उभी करावी.